साठ तासांचं फुटेज आणि एकटा एडिटर

ज्याने शूट केलं तोच एडिट करणार, अशा माहितीपटाचं एडिटिंग पहिल्या दिवशी कॅमेऱ्यातून कार्ड बाहेर काढलं की सुरू होतं. मोठ्या युनिटमध्ये डेटा सांभाळायला एक माणूस असतो, आवाजाला एक, लॉगिंगला, म्हणजे शॉटची नोंद ठेवायला, एक. इथे ही सगळी माणसं तुम्हीच. त्यातल्या एकाने कंटाळा केला की शिक्षा सहा महिन्यांनी एडिटरला होते, म्हणजे परत तुम्हालाच.

बोलायला सोपं जावं म्हणून एक फिल्म गृहीत धरू. विषय ऊसतोड. बीड जिल्ह्यातली एक टोळी दिवाळीच्या सुमारास गाव सोडते, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका कारखान्याच्या हद्दीत कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, टाकते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येते. एक कॅमेरा, एक रेकॉर्डर, साठ तासांचं फुटेज, शेवटी साठ मिनिटांची फिल्म. विषय बदलला तर आकडे बदलतील, कामाचा क्रम फारसा बदलत नाही.

निघण्याआधी

फ्रेम रेट २५, शटर १/५०. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइटखाली शूट केलं की चित्रावर पट्टे सरकतात किंवा उजेड धडधडतो, आणि ते नंतर पूर्णपणे काढता येत नाही. फोन मुळात ३० वर असतो, तोही २५ वर आणा. फोनची आणखी एक खोड म्हणजे बदलता फ्रेम रेट. क्लिप सुरुवातीला सिंकमध्ये असते आणि दहा मिनिटांनी ओठ आणि शब्द वेगळे पडतात. फोनची प्रत्येक क्लिप एडिटमध्ये आणण्याआधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून स्थिर २५ फ्रेमवर बदलून घ्या.

कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्हींची तारीख-वेळ जुळवा. हे अर्ध्या मिनिटाचं काम न केल्यामुळे ध्वनीच्या ४०० फायली एकेक ऐकून जुळवाव्या लागतात.

आणि घरी एक चाचणी करा: ज्या सेटिंगवर शूट करणार त्याची दोन मिनिटांची क्लिप ज्या संगणकावर एडिट करणार त्यावर उघडा. डाव्हिंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत काही संगणकांवर १० बिट ४:२:२ च्या (रंगाची जास्त माहिती ठेवणाऱ्या) फायली नीट उघडत नाहीत, नुसता आवाज येतो आणि चित्र काळं. हे हंगाम संपल्यावर कळून उपयोग नाही.

कार्ड ते डिस्क

१०० मेगाबिट प्रति सेकंद म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. साठ तासांचे २,७०० जीबी. १२८ जीबीच्या कार्डावर सुमारे पावणेतीन तास मावतात. वेगासाठी व्ही-३० खुणेचं कार्ड पुरतं, ते सेकंदाला किमान ३० मेगाबाइट लिहिण्याची हमी देतं. महागडं एक मोठं कार्ड घेण्यापेक्षा मध्यम आकाराची चार बरी. एक बिघडलं तर एकाच दिवसाचं नुकसान.

साठवणीचा हिशेब असा: ४ टीबीच्या दोन साध्या हार्ड डिस्क आणि कामासाठी २ टीबीची एसएसडी. रोज रात्री दोन्ही डिस्कवर कॉपी, आणि त्या दोन डिस्क एकाच बॅगेत ठेवायच्या नाहीत. एक तुमच्याजवळ, दुसरी मुक्कामाच्या घरी. तिसरी प्रत परत आल्यावर वेगळ्या गावात कुणाकडे तरी.

कॉपी म्हणजे ओढून टाकणं नव्हे. ओढून टाकलेली फाइल आकाराने बरोबर दिसते आणि मधेच फुटलेली असू शकते. रिझॉल्व्हच्या मीडिया पानावर क्लोन टूल आहे, मोफत आवृत्तीतही. ते कॉपी करताना चेकसम, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून काढलेला आकडा, जुळवून पाहतं. वेळ जास्त लागतो, लागू द्या, तोवर जेवून घ्या. कार्डावरचं सगळं फोल्डर जसंच्या तसं उचला. आतल्या नुसत्या व्हिडिओ फायली वेचून घेतल्या तर त्यांच्याबरोबरची माहिती जाते आणि काही कॅमेऱ्यांमध्ये लांब शॉटचे तुकडे एकमेकांना जोडायचं कळेनासं होतं.

फोल्डरचं नाव: वर्ष, महिना, दिवस, जागा, कॅमेरा, कार्ड. म्हणजे ‘२०२५-११-१४_फड_कॅम१_कार्ड०३’ या धर्तीवर, पण टाइप करताना रोमन अक्षरांत आणि मधे मोकळी जागा न सोडता. देवनागरी नावं काही सॉफ्टवेअरमध्ये प्रकल्प दुसऱ्या संगणकावर नेताना तुटतात. वर्ष आधी लिहिलं की यादी आपोआप तारखेच्या क्रमाने लागते.

भरलेलं कार्ड पाकिटात उलटं ठेवायचं, रिकामं सुलटं. दोन प्रती झाल्या आणि दोन्हींतल्या तीन-चार क्लिप चालवून पाहिल्या, मगच ते सुलटं होतं. पुसायचं ते कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून, संगणकावर डिलीट करून नको. आणि डिस्क ‘इजेक्ट’ न करता वायर उपटू नका. दोन्ही प्रकारच्या संगणकांवर चालते म्हणून बहुतेकांची डिस्क एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट केलेली असते, आणि ती असा झटका फार वाईट घेते.

आवाज, जिथे बहुतेक फिल्म्स पडतात

हलणारं चित्र प्रेक्षक सहन करतो. न कळणारा शब्द करत नाही.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलण्याची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास. ३२ बिट फ्लोटचा रेकॉर्डर असेल तर पातळी चुकली तरी सावरता येते, पण माइकच फाटला असेल तर तो फाटकाच राहतो. त्यामुळे फ्लोट आहे म्हणून ट्रॅक्टरच्या इंजिनाला माइक चिकटवू नका.

उसाच्या फडात तीन शत्रू: वारा, पाचटाची खसखस आणि दूर कुठेतरी सतत चालणारा ट्रॅक्टर. वाऱ्याला केसाळ टोपी लागते, नुसता फोम पुरत नाही. पाचटावर उभं राहून मुलाखत घेऊ नका, बोलणाऱ्याने पाय हलवला की शब्द गेला. त्याला बांधावर आणा. कॉलर माइक लुगड्याच्या पदराला लावला तर प्रत्येक हालचालीला घासतो. माइक कुठे, कसा लावायचा हे दाखवून त्या बाईच्या किंवा तिच्या जावेच्या हातात द्या, त्या नीट लावतात. तुम्ही स्वतः लावायला गेलात तर पुढची दहा मिनिटं ती अवघडून बोलते.

प्रत्येक जागेचा एक मिनिट निव्वळ आवाज घ्या, कुणीही न बोलता. कोपीतला वेगळा, फडातला वेगळा, रात्री गाडी भरतानाचा वेगळा. वाक्य कापल्यावर मधे जी पोकळी पडते ती याच मिनिटाने बुजते. घरात शूट करत असाल तर पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायची आठवण राहावी म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवायची, हा जुना उपाय अजून चालतो.

प्रश्न विचारून झाल्यावर तोंड मिटा. ‘हो हो’, ‘बरोबर’, ‘अरे बापरे’ ही आपली बोलायची रीत आहे, पण तो आवाज उत्तरावर चढतो आणि उत्तर निरुपयोगी होतं. मानेने होकार द्या. उत्तर संपलं असं वाटल्यावर मनात पाचपर्यंत मोजा. कामाचं वाक्य बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आकड्याला येतं.

संमती

मराठीत एक पान पुरतं: फिल्म कशाबद्दल, कुठे दाखवणार, मोबदला आहे की नाही, कोणत्या तारखेपर्यंत ‘मला काढा’ म्हणता येईल, तुमचा फोन नंबर. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवा आणि ते वाचन आणि त्याचा होकार कॅमेऱ्यावर घ्या. मुलांसाठी आई-वडिलांची संमती. आणि हे सगळं मुकादम शेजारी उभा नसताना. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेला माणूस मुकादमासमोर कशालाही हो म्हणतो. त्या होकाराला अर्थ नाही.

लैंगिक अत्याचाराची हकीगत पुढे आली तर ओळख उघड करणं कायद्याने गुन्हा आहे: भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, बालकांच्या बाबतीत पोक्सोचं कलम २३. चेहरा धूसर केला म्हणजे ओळख लपली असं होत नाही. आवाज, कोपीसमोरचा ट्रॅक्टरचा नंबर, हातावर गोंदलेलं नाव, नवऱ्याचा दुसऱ्या दृश्यात दिसणारा चेहरा, यातलं एक पुरतं. शिवाय फाइलचं नाव आणि सबटायटलची फाइल तपासा, तिथे खरं नाव राहून गेलेलं असतं.

पाहणं आणि लिहून काढणं

हा भाग कंटाळवाणा आहे आणि इथेच फिल्म ठरते.

पहिल्यांदा सगळं फुटेज तारखेच्या क्रमाने पाहा, न थांबवता. हातात वही. जिथे हसू आलं, पोटात गोळा आला, कंटाळा आला, तेवढंच आणि टाइमकोड, म्हणजे फुटेजमधली नेमकी वेळ. ही प्रतिक्रिया एकदाच मिळते. तिसऱ्यांदा पाहताना त्याच शॉटवर काहीही वाटत नाही, आणि मग चांगलं काय ते तुम्ही डोक्याने ठरवू लागता. सहा महिन्यांनी गोंधळ झाला की ती वही उघडायची.

दुसऱ्या फेरीत लॉग. ‘चांगला शॉट’ ही नोंद कुणाच्या कामाची नाही. ‘मोळी डोक्यावर, उजवीकडून डावीकडे, चेहरा दिसतो, ७ सेकंद स्थिर, मागे ट्रॅक्टर’ ही नोंद. पुढे तुम्ही ‘मोळी’ हा शब्द शोधणार आहात, ‘चांगला’ नाही. एका तासाच्या फुटेजला दोन तास धरा. साठ तासांचे १२०, रोज पाच तास डोकं चालतं असं मानलं तर २४ दिवस.

साठपैकी वीस तास बोलणं असेल तर ते शब्दशः उतरवायला तासाला पाच तास, म्हणजे १०० तास, आणखी वीस दिवस. यंत्राकडून उतरवून घेतलं तर वेळ वाचतो, पण बोली म्हटली की यंत्र स्वतःच्या मनाने तिचं प्रमाण मराठी करतं, मधेच हिंदीही घुसवतं. ‘उचल’ हे नाम आहे, आगाऊ घेतलेली रक्कम, हे त्याला कळेलच असं नाही. मसुदा यंत्राचा घ्या, पण कानाला हेडफोन लावून ओळ न् ओळ स्वतः दुरुस्त करा. अडखळणं, ‘म्हंजे’, खोकला, गप्प बसणं, सगळं उतरवा.

भिंतीवरच्या चिठ्ठ्या

संगणक बंद ठेवून पहिला कट भिंतीवर लावा. तीन रंगांच्या चिठ्ठ्या: पिवळी म्हणजे कुणी काही सांगतंय, हिरवी म्हणजे डोळ्यांसमोर काही घडतंय, निळी म्हणजे जागा आणि वेळ. पहाटे चार वाजता निघणं, फडात भांडण, वजनकाट्यावर थांबणं, मुलीची ऑनलाइन परीक्षा कोपीत: प्रत्येकाची एक हिरवी चिठ्ठी.

चार पावलं मागे जाऊन भिंत पाहा. सलग तीन पिवळ्या दिसल्या की तिथे फिल्म थांबली आहे. पिवळीत जे सांगितलं ते हिरवीत दिसत असेल तर पिवळी काढा. मुकादम हिशेबात घोळ करतो असं पाच जणांनी सांगणं आणि वहीवर एक बोट फिरताना दिसणं, यात बोट जिंकतं, दरवेळी. निळ्या चिठ्ठ्या थोड्याच असाव्यात पण असाव्यात. ड्रोनच्या शॉटने निळी भरायचा मोह आवरा, उसाचा फड वरून फार सुंदर दिसतो आणि त्यातली सगळी मेहनत दिसेनाशी होते.

टाइमलाइनवर

आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या प्रती, करा. एचडी आकाराचा प्रोरेस प्रॉक्सी २५ फ्रेमला तासाला साधारण १७ जीबी घेतो. साठ तासांचा एक टीबी, म्हणजे २ टीबीच्या एसएसडीवर आरामात. मूळ फुटेज कपाटात. प्रॉक्सीशिवाय जुन्या लॅपटॉपवर कॅमेऱ्याच्या दाबलेल्या फायली कापणं म्हणजे चिखलात गाडी.

पहिली जुळणी तीन-चार तासांची होते. घाबरू नका, आणि ती कुणाला दाखवूही नका. यातून आधी हिरवी दृश्यं स्वतंत्रपणे कापून पूर्ण करा, प्रत्येकाची वेगळी टाइमलाइन. दृश्य स्वतःच्या पायावर उभं राहत नसेल तर त्याला संगीताने किंवा निवेदनाने उभं करता येत नाही. मग ती ओळीने लावा, मधे बोलणं अगदी लागेल तिथेच. फिल्मची सुरुवात सगळ्यात शेवटी ठरते. पहिली दोन मिनिटं आधी घासत बसणारे लोक तिसऱ्या महिन्यातही तिथेच असतात.

रोज संध्याकाळी टाइमलाइनची प्रत नव्या तारखेने आणि प्रकल्पाच्या फाइलची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. ‘अंतिम’, ‘अंतिम२’, ‘खरंच अंतिम’ अशी नावं देऊ नका. तारीख कधी खोटं बोलत नाही.

एक वाक्य कापताना

उदाहरणादाखल एक वाक्य घेऊ, कोपीसमोर बसलेला साठीतला माणूस:

‘आता बघा, मुकादमाकून उचल घेतली… म्हंजे नवरा-बायकू मिळून एक कोयता… तर मंग ती उचल फिटूस्तोर… काय म्हणतेत त्याला… आपुन आपले ऱ्हात नाही.’

बावीस सेकंद. नवशिका एडिटर ‘उचल घेतली, तर मंग ती उचल फिटूस्तोर आपुन आपले ऱ्हात नाही’ एवढं जोडतो आणि मधल्या कापांवर कोयत्याचा क्लोजअप टाकतो. नऊ सेकंद झाली, अर्थही तोच. पण माणूस गेला, आता तो घोषवाक्य म्हणतोय.

काय करता येईल ते असं. ‘आता बघा’ काढा, ती कॅमेऱ्यासाठीची तयारी आहे. ‘नवरा-बायकू मिळून एक कोयता’ हे वाक्यातून उचलून आधीच्या दृश्यावर न्या, जिथे जोडपी मोजली जातायत. तिथे चित्र आधीचं आणि आवाज याचा, म्हणजे जे-कट. प्रेक्षकाला कोयता म्हणजे दोन माणसं हे कळतं आणि आपण त्याच्या चेहऱ्यावर येतो तेव्हा तो कोण ते विचारावं लागत नाही. ‘काय म्हणतेत त्याला’ आणि त्यानंतरची चार सेकंदांची शांतता ठेवा, चित्र न बदलता. तो शब्द शोधतोय आणि त्याला सापडत नाही, हेच त्या वाक्यात आहे. कोयत्याचा तुकडा काढल्याने पडलेल्या सांध्यावर कोयता दाखवू नका, त्याच वेळचा त्याचा हात किंवा चुलीपाशी बसलेली बायको दाखवा, दीड-दोन सेकंद. आणि सांध्याखाली कोपीचा तो एक मिनिटाचा आवाज सलग. तो घेतला नसेल तर सांधा ऐकू येतो, कितीही फेड दिला तरी.

दोन वेगळ्या उत्तरांतले शब्द जोडून नवीन वाक्य बनवणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. कसोटी एकच: तो माणूस गावातल्या पडद्यावर हे पाहील तेव्हा ‘मी असं म्हणलो’ म्हणेल का?

ट्रॅक्टरवरचं गाणं

ऊसवाहतुकीच्या ट्रॅक्टरवर मोठे स्पीकर असतात आणि त्यावर चित्रपटातली गाणी. तुमच्या उत्तम शॉटमागे ते गाणं वाजत असेल तर दोन अडचणी: ध्वनी कापला की गाणं तुटतं, आणि गाण्याचे हक्क तुमच्याकडे नाहीत. यूट्यूबवर टाकताच दावा येतो. विकत घेणारी वाहिनी हक्कांचा कागद मागते. म्हणून जागेवरच चालकाला दोन मिनिटं गाणं बंद करायला सांगून निव्वळ इंजिनाचा, चाकांचा, माणसांचा आवाज घेऊन ठेवा. चित्र गाण्यासकटचं वापरून खाली हा आवाज घालता येतो.

‘आम्ही अभंग वापरलाय, तुकोबांचे शब्द, त्याला कसले हक्क’ हा गैरसमज नेहमीचा. शब्दांवर कुणाचा हक्क नाही, खरं आहे. पण चाल लावणाऱ्याचा त्याच्या हयातीनंतर ६० वर्षं असतो, ध्वनिमुद्रणाचा प्रकाशनानंतर ६० वर्षं, आणि गाणाऱ्याचे वेगळे. कोपीवर रात्री टोळीतल्याच कुणी गायलं, पारंपरिक चालीत, आणि त्याची लेखी संमती आहे, तर ते सगळ्यात सुरक्षित. बहुतेक वेळा सगळ्यात चांगलंही तेच असतं.

लॉकआधी दाखवणं

नव्वद मिनिटांपर्यंत आलात की चार-पाच जणांना दाखवा. त्यात दोघे असे हवेत ज्यांना विषय माहीत नाही. ‘कशी वाटली’ विचारू नका, ‘छान’ म्हणतात आणि चहा मागतात. विचारायचं ते असं: कोण कोणाचा कोण ते कुठे कळेना झालं? कुठे घड्याळाकडे पाहिलं? शेवटी ती बाई परत येणार की नाही, तुम्हाला काय वाटलं? त्यांनी सुचवलेले उपाय लिहू नका, अडलेली जागा लिहा. अडचण त्यांची खरी असते, उपाय बहुधा चुकीचा.

टोळीलाही लॉकच्या, म्हणजे कट कायमचा पक्का करण्याच्या, आधी दाखवा. ते पावसाळ्यात गावी असतात, त्यामुळे एडिटचं वेळापत्रक उलट मोजत या. एक प्रोजेक्टर, दोन स्पीकर, पांढरी चादर आणि इन्व्हर्टर, कारण वीज जाणार हे धरूनच चालायचं. कुणी ‘हे काढा’ म्हटलं आणि संमतीच्या कागदावर तसा हक्क दिला असेल तर काढायचं, वाद घालायचा नाही.

लॉकनंतर

लॉक म्हणजे एकही फ्रेम हलणार नाही. त्यानंतर फ्रेम हलवली तर ध्वनी, रंग, सबटायटल तिन्ही पुन्हा.

ध्वनीसाठी दुसऱ्याकडे देणार असाल तर एएएफ (टाइमलाइन दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेणारी फाइल), प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही बाजूंना किमान दोन सेकंदांचा जादा आवाज (हँडल) ठेवून, सोबत टाइमकोड छापलेला संदर्भ व्हिडिओ, आणि पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप. तो बीप नसेल तर सिंक कुणाचं चुकलं यावर भांडण होतं. पातळी: दूरदर्शनछाप प्रसारणासाठी उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मागतात, वेबला उणे १४ च्या आसपास, ट्रू पीक, म्हणजे सगळ्यात उंच शिखर, उणे १. आवाज स्वच्छ करणारी नवी यंत्रं जपून वापरा. जरा जास्त लावलं की माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा येतो.

रंगाचं काम एकट्याने करत असाल तर आधी सगळे शॉट एकमेकांशी जुळवा, ‘लूक’ नंतर. दुपारच्या उन्हात फडातली चेहऱ्यांची सावली उचलायला जाल तर त्वचा राखाडी पडते. थोडी अंधारी राहू द्या.

मास्टर प्रोरेस ४२२ एचक्यू मध्ये. यूएचडी, २५ फ्रेम, एका तासाचे ३३० जीबीच्या आसपास. चित्रपटगृहासाठी डीसीपी (तिथल्या प्रोजेक्टरला लागणारा फायलींचा संच) लागतो, तो डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत सॉफ्टवेअरमध्ये होतो. १६:९ ची फिल्म १९९८ × १०८० च्या फ्लॅट चौकटीत बसते, दोन्ही कडांना बारीक काळी पट्टी येते, तीच बरोबर. ताणून भरू नका. २५ फ्रेमचा डीसीपी काही जुन्या यंत्रणांना झेपत नाही, म्हणून २४ ची प्रतही करून ठेवा आणि दोन्ही खऱ्या पडद्यावर एकदा चालवून पाहा.

सबटायटल: इंग्रजीला एका ओळीत ४२ अक्षरं, जास्तीत जास्त दोन ओळी, पडद्यावर किमान एक सेकंद, सहा-सातच्या वर नको. ‘कोयता’चं भाषांतर करू नका, ते हत्याराचंही नाव आहे आणि जोडप्याचंही, पहिल्यांदा येईल तिथे वाक्यच असं लिहा की दोन्ही कळेल. मराठी प्रेक्षकांसाठी बीडच्या बोलीखाली प्रमाण मराठी सबटायटल देणं म्हणजे त्या माणसाला चारचौघांत दुरुस्त करणं. द्यायचंच तर तो बोलला तेच लिहा.

देवनागरी पडद्यावर आणताना सॉफ्टवेअर जोडाक्षरं फोडतं आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या अक्षरावर नेऊन बसवतं. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये मजकुराचं इंजिन ‘साउथ एशियन’वर ठेवावं लागतं. मुक्ता, बालू हे फाँट चांगले चालतात. तपासायला एकच ओळ पुरते: ‘दऱ्याखोऱ्यांतल्या शेळ्या, लिंबू, किल्ली’. दऱ्यातला अर्धा र नीट आला आणि ल, श मराठी वळणाचे आले तर पुढे जा. ‘दर्या’ दिसलं तर तिथेच थांबा, तुमची दरी समुद्र झाली आहे.

प्रमाणपत्र, महोत्सव, पैसे

तिकीट लावून किंवा जाहीरपणे चित्रपटगृहात दाखवायची तर सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं, माहितीपटालाही. अर्ज ई-सिनेप्रमाण या संकेतस्थळावर. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए वर्ग ७+, १३+ आणि १६+ असा विभागला गेला आणि प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत गेली. कुणी विडी ओढताना किंवा मळताना दिसत असेल तर तंबाखूविरोधी इशाऱ्याची तयारी ठेवा, ऊसतोडीच्या फिल्ममध्ये ते दिसणारच. महोत्सवात बिनप्रमाणपत्राची फिल्म दाखवायला केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून सूट मिळते, तो अर्ज आयोजक करतात. तो त्यांनी केलाय का ते विचारून घ्या.

मुंबईचा मिफ्फ हा आंतरराष्ट्रीय महोत्सव १९९० पासून आहे, माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनसाठी, दोन वर्षांनी एकदा. केरळचा आंतरराष्ट्रीय माहितीपट आणि लघुपट महोत्सव तिरुवनंतपुरमला भरतो. पाठवण्याआधी नियमात प्रीमियरची, म्हणजे पहिल्या प्रदर्शनाची, अट वाचा. यूट्यूबवर उघडी ठेवलेली फिल्म बऱ्याच ठिकाणी तिथेच बाद होते, म्हणून पासवर्डची लिंक.

दुसऱ्याची फिल्म कापून स्वतःच्या फिल्मचा खर्च काढत असाल, आणि बहुतेक जण तेच करतात, तर करारात तीन गोष्टी असू द्या: पैसे चार टप्प्यांत (सुरुवातीला ३० टक्के, रफ कटला, म्हणजे कच्च्या कटला, ३०, लॉकला ३०, फायली देताना १०), दुरुस्त्यांच्या फेऱ्या किती, आणि लॉकनंतरचा दिवस कोणत्या दराने. मूळ प्रकल्पाची फाइल शेवटचा हप्ता आल्यावर. ‘फक्त दोन मिनिटांचं काम आहे’ असं सांगत येणारी दुरुस्ती फेरीतच धरा.

शेवटी फिल्मचं सामान गोळा करून ठेवणं: मास्टर, ध्वनीचे ट्रॅक वेगवेगळे, सबटायटल नसलेली प्रत, संमतीचे कागद स्कॅन करून, चिठ्ठ्यांच्या भिंतीचा फोटो. साध्या हार्ड डिस्कवर. एसएसडी वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवायला बनलेली नाही. डिस्कवर कागदाची पट्टी, फिल्मचं नाव आणि तारीख. दर सहा महिन्यांनी लावून दोन फायली चालवून पाहायच्या, कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर पावसाळ्याआधी आणि नंतर, सिलिका जेलच्या पुड्या बदलता बदलता.